चित्र, चित्रकार आणि खोटी साक्ष

कलाकृतीवरून कलावंताच्या अंतःकरणाचा ठाव घेता येतो, ही आपली जुनी समजूत आहे. कवितेत विरह दिसला की कवीचा संसार मोडला असणार, कादंबरीत मद्यपी आला की लेखकालाही तीच सवय असणार, असे निष्कर्ष आपण सहज काढतो. बहुतेक वेळा त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु याच समजुतीच्या बळावर एका मृत माणसावर पाच खुनांचा आरोप ठेवला जातो आणि त्याच्याच चित्रांना साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, तेव्हा तो केवळ कलासमीक्षेचा प्रश्न राहत नाही. इंग्लंडमधील चित्रकार वॉल्टर सिकर्ट याच्या वाट्याला हेच आले. गेल्या अर्धशतकात त्याच्या चित्रांविषयी जे लिहिले गेले, त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम घटना पाहू. १८८८ साली लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल आणि त्याच्या परिसरात, पाच स्त्रियांचे खून झाले. ३१ ऑगस्टला मेरी ॲन निकोल्स, ८ सप्टेंबरला ॲनी चॅपमन, ३० सप्टेंबरच्या एकाच पहाटे एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज, आणि ९ नोव्हेंबरला मेरी जेन केली. खुनी सापडला नाही. वृत्तसंस्थेकडे आलेल्या एका पत्राखालच्या सहीवरून त्याला ‘जॅक द रिपर’ हे नाव पडले. ते पत्र खुन्याचे नसून कोणा पत्रकाराचा उद्योग असावा, असे पोलीस अधिकाऱ्यांचेच मत होते. पुढे अशा पत्रांचा पाऊस पडला. ब्रॅडफर्ड येथील एका तरुणीवर अशी पत्रे पाठविल्याबद्दल त्याच वर्षी खटलाही झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

सिकर्टचा जन्म १८६० साली म्युनिक येथे झाला. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब इंग्लंडला आले. तरुणपणी काही काळ त्याने रंगभूमीवर कामे केली, मग व्हिसलर या चित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पॅरिसमध्ये देगाचा स्नेह संपादन केला. नाटकगृहांतील स्वस्त करमणूक, भाड्याच्या खोल्या, लोखंडी पलंग, कळकट भिंती हे त्याचे विषय. १९११ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्डन टाउन ग्रुप’ या चित्रकारमंडळाचा तो आधारस्तंभ होता. १९४२ साली तो वारला, तेव्हा ब्रिटिश चित्रकलेतील एक ज्येष्ठ म्हणून त्याची गणना होत होती. हयातीत त्याच्यावर या खुनांचा आरोप झाला नाही.

मात्र रिपरविषयी त्याला कुतूहल होते, हे खरे आहे. लंडनमधील मॉर्निंग्टन क्रेसेंट येथे तो भाड्याने राहत असताना घरमालकिणीने त्याला सांगितले, की पूर्वी याच खोलीत पशुवैद्यकाचा एक विद्यार्थी राहत असे आणि तोच रिपर असावा असा तिचा संशय होता. ही हकीकत सिकर्ट मित्रांना रंगवून सांगे; ऑस्बर्ट सिटवेल यांनी ती लिहून ठेवली आहे. सिकर्टने त्या खोलीचे एक चित्रही काढले आणि त्याला ‘जॅक द रिपरचे शयनगृह’ असे नाव दिले. ते आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. उघड्या दारातून दिसणारी अंधारी खोली आणि पलीकडे खिडकीतून झिरपणारा मंद उजेड, एवढाच त्या चित्राचा ऐवज. चित्रात खून नाही, प्रेत नाही, शस्त्र नाही.

एवढ्या सामग्रीवर आरोपाची पहिली मोठी इमारत उभी राहिली ती १९७६ साली, स्टीफन नाइट यांच्या पुस्तकात. ही कथा आम्हां कॅथोलिकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे, कारण तिचा सारा डोलारा एका कॅथोलिक विवाहावर तोललेला आहे. राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याने ॲनी क्रुक नावाच्या कॅथोलिक मुलीशी गुप्तपणे लग्न केले, त्यांना मूल झाले, मेरी केली या गुपिताची साक्षीदार होती, आणि हे गुपित दडपण्यासाठी राजवैद्य सर विल्यम गल यांनी सिकर्टच्या साहाय्याने या स्त्रियांचा काटा काढला, अशी ती कथा. ती सांगणारा गृहस्थ होता जोसेफ गॉर्मन. तो स्वतःस सिकर्टचा अनौरस पुत्र म्हणवीत असे. सिकर्टने आपले अपराधी मन चित्रांतून सूचित करून ठेवले आहे, असा त्याचा दावा होता.

पुरावा कोणता? ‘एन्युई’ हे सिकर्टचे गाजलेले चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. टेबलापाशी चिरूट ओढणारा पुरुष, त्याच्यामागे भिंतीकडे तोंड करून उभी असलेली स्त्री. एकाच खोलीत राहूनही परस्परांना पारखी झालेली दोन माणसे. कंटाळलेल्या संसाराचे इतके नेमके चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे. त्या खोलीच्या भिंतीवर एक तसबीर टांगलेली आहे. ती व्हिक्टोरिया राणीची असून तिच्या खांद्याशी एक समुद्रपक्षी आहे, असे सांगितले जाते. समुद्रपक्ष्याला इंग्रजीत ‘गल’ म्हणतात. म्हणून चित्रकाराने डॉक्टर गल यांच्याकडे बोट दाखविले आहे, असा हा तर्क! पराचा कावळा करणे आपण ऐकून आहोत. येथे तर पक्ष्याचा डॉक्टर झाला. आणि या शोधाच्या भरात चित्रातील ती दोन दुःखी माणसे कोणाला दिसलीच नाहीत.

ही कथा इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही. गल १८८८ साली एकाहत्तर वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. शिवाय १७७२ च्या राजघराण्याच्या विवाहविषयक कायद्यान्वये राणीच्या संमतीवाचून त्या वयाच्या राजपुत्राने केलेला विवाह कायद्याच्या दृष्टीने शून्यवत होता. जो विवाह कागदाच्या एका ओळीने रद्द ठरला असता, त्यासाठी पाच खून कोण करील? १९७८ साली गॉर्मन याने स्वतःच, रिपरची कथा आपण रचली होती, अशी वर्तमानपत्रात कबुली दिली. तरीही ती कथा चित्रपटांतून आणि पुस्तकांतून जिवंत राहिली. याचे एक कारण आम्हांला असे दिसते, की कॅथोलिक म्हणजे कारस्थानी, कॅथोलिक विवाह म्हणजे सिंहासनाला धोका, ही भीती इंग्लंडच्या मनात शतकानुशतके मुरलेली होती. १७०१ च्या कायद्याने कॅथोलिकाशी विवाह करणाऱ्याला राजपदापासून दूर ठेवले होते; ती अट २०१५ साली दूर झाली. अफवेला नेहमी जुन्या पूर्वग्रहाचे खत लागते. ज्यांनी असा पूर्वग्रह सोसला, त्यांनी तरी दुसऱ्याविषयीची अफवा तपासून घ्यावी.

१९९० साली जीन ओव्हर्टन फुलर यांनी, आपल्या आईच्या मैत्रिणीकडून, म्हणजे चित्रकार फ्लॉरेन्स पॅश यांच्याकडून आलेल्या आठवणींच्या आधारे सिकर्टवर पुन्हा आरोप केला. ऐकीव गोष्टीवर ऐकीव गोष्ट, असे त्याचे स्वरूप. परंतु सर्वांत गाजावाजा झाला तो २००२ साली, अमेरिकन रहस्यकथाकार पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या पुस्तकाने. प्रकरण निकालात निघाल्याची घोषणा त्यांनी पुस्तकाच्या नावातच करून टाकली. त्यांनी स्वतःचा पैसा खर्चून सिकर्टची अनेक चित्रे विकत घेतली, तज्ज्ञ नेमले, पत्रांच्या कागदांची आणि जलचिन्हांची तपासणी करविली. हा उद्योग मनःपूर्वक होता, यात शंका नाही. २०१७ साली त्यांनी याच विषयावर दुसरे पुस्तक लिहिले.

त्यांच्या युक्तिवादाची छाननी केली तर तो तीन पायांवर उभा दिसतो. पहिला पाय पत्रांचा. रिपरच्या नावाने आलेल्या काही पत्रांचा कागद सिकर्टच्या कागदाशी जुळतो आणि एका पत्रावरील जैविक अंश सिकर्टच्या पत्रव्यवहारावरील अंशाशी विसंगत नाही, असे त्या म्हणतात. परंतु जी तपासणी झाली ती मातृवंशातून येणाऱ्या डीएनएची. तो एकाच व्यक्तीचा नसतो, असंख्य माणसांत सारखा आढळतो. सिकर्टचे दहन झाल्यामुळे त्याचा स्वतःचा नमुना उपलब्ध नाही. आणि ती पत्रे शंभरावर वर्षे अनेकांच्या हाताळणीतून गेलेली. समजा, यांतील काही पत्रे सिकर्टनेच लिहिली. तसे मानणारे कलाभ्यासकही आहेत. तरी त्यातून काय सिद्ध होते? ब्रॅडफर्डच्या तरुणीनेही पत्रे लिहिली होती. थट्टेखोर पत्र लिहिणे हा हृदयशून्यपणा आहे, खून नव्हे.

दुसरा पाय चरित्राचा. बालपणीच्या शस्त्रक्रियांमुळे सिकर्ट वैवाहिक सुखाला असमर्थ झाला आणि त्यातून त्याचा स्त्रीद्वेष जन्मला, असे कॉर्नवेल मांडतात. पण त्याने तीन लग्ने केली, आणि एलेन कॉब्डन या पहिल्या पत्नीने १८९९ साली घटस्फोट घेतला तो त्याच्या बाहेरख्यालीपणामुळे. तो चांगला पती नव्हता, हे उघड आहे. परंतु त्याचे हे पाप आरोपाच्या उलट दिशेला जाते. मॅथ्यू स्टर्जिस यांनी २००५ साली लिहिलेल्या विस्तृत चरित्रात आणखी एक अडचण दाखवून दिली. ६ सप्टेंबर १८८८ च्या पत्रात सिकर्टची आई आपली मुले फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुखात असल्याचे लिहिते. त्याच महिन्यातील इतर पत्रांतूनही तो फ्रान्समध्ये असल्याचे दिसते. पाचांपैकी चार खून ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये झाले. खाडी ओलांडून बोटीने येणे-जाणे अशक्य नव्हते, हे मान्य. परंतु आरोप ठेवणाऱ्याने तो आला होता हे दाखवावे लागते. आरोपीने आला नव्हता हे नव्हे.

तिसरा पाय चित्रांचा, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. १९०७ च्या सप्टेंबरात कॅम्डन टाउन येथे एमिली डिमॉक या बावीस वर्षांच्या स्त्रीचा तिच्या बिछान्यात गळा चिरून खून झाला. रॉबर्ट वुड या तरुण कलाकारावर खटला चालला आणि डिसेंबरात तो निर्दोष सुटला. हाही खून उलगडला नाही. सिकर्ट त्याच वस्तीत राहत होता. त्यानंतर त्याने ‘कॅम्डन टाउनचा खून’ या नावाने काही चित्रे रंगविली. त्यांपैकी दोन १९११ च्या प्रदर्शनात मांडली. ही चित्रे अस्वस्थ करणारी आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. अंधारी खोली, लोखंडी पलंग, त्यावर विवस्त्र स्त्री, आणि पूर्ण पोशाखातला पुरुष. एका चित्रात तो पुरुष पलंगाशी उभा राहून खाली पाहतो आहे, आणि त्या उभे राहण्यात धमकी जाणवते. कॉर्नवेल यांना या चित्रांत मृत स्त्रियांच्या छायाचित्रांशी साम्य दिसते, आणि ते खुन्यालाच ठाऊक असू शकते असे वाटते. पण १८९९ साली फ्रेंच गुन्हेशास्त्रज्ञ लाकासान यांच्या ग्रंथात त्यांतील काही छायाचित्रे छापली गेली होती. त्या सुमारास सिकर्ट फ्रान्समध्येच राहत होता. चित्रकाराने छापील छायाचित्र पाहिले असेल, हा साधा खुलासा सोडून खुनापर्यंत जाण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट शीर्षकाची. या मालिकेतील एक चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पलंगावर स्त्री पडलेली आहे. कडेला बसलेल्या पुरुषाची मान खाली, हात एकमेकांत गुंतलेले. ‘कॅम्डन टाउनचा खून’ हे नाव वाचून चित्र पाहा; तो पुरुष खुनी दिसतो, स्त्री मेलेली दिसते. पण याच चित्राला दुसरे नाव आहे: ‘भाड्याचे काय करायचे?’ ते वाचून पाहा; आता तो पुरुष बेकार नवरा दिसतो, स्त्री दमून भिंतीकडे वळलेली दिसते. रंगाचा एक ठिपकाही बदललेला नाही. सिकर्ट शीर्षकांशी असा खेळ मुद्दाम करीत असे. कलाशाळांतील गोंडस, निर्जीव नग्नाकृतींचा त्याला तिटकारा होता. १९१० साली त्याने त्याविरुद्ध लेखही लिहिला. प्रेक्षकाने चित्रातील माणसांना खऱ्या खोलीत, खऱ्या अडचणीत पाहावे, हा त्याचा हेतू. जो प्रेक्षक खून शोधीत येतो त्याला खून सापडतो. पण तो चित्रात होता की प्रेक्षकाच्या मनात, हे कोण सांगणार? साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे.

शीर्षकावरूनच चित्रकाराचे चरित्र ठरवायचे असेल, तर मग सारीच शीर्षके विचारात घ्यावीत. सिकर्टने दिएप येथील सेंट जाक या जुन्या कॅथोलिक चर्चचा दर्शनी भाग पुनःपुन्हा रंगविला. व्हेनिसच्या संत मार्कच्या महामंदिराची चित्रे काढली. उतारवयात त्याने ‘लाझरसचे पुनरुत्थान’ हे भव्य चित्र रंगविले. आपल्या दोन आत्मचित्रांना त्याने ‘लाझरस उपवास सोडतो’ आणि ‘अब्राहामचा सेवक’ अशी नावे दिली. ‘रिपरचे शयनगृह’ ही जर कबुली असेल, तर कबरीतून उठून जेवायला बसलेला लाझरस ही कशाची कबुली मानायची? आम्ही त्यावरून सिकर्टला संत ठरवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की सोयीची चार चित्रे उचलून बाकीची बाजूला ठेवणे ही समीक्षा नव्हे.

याउलट उदाहरण काराव्हाज्योचे. त्याने खरोखरच खून केला. १६०६ साली रोममध्ये रानुच्च्यो तोमासोनी याला ठार मारून तो परागंदा झाला. त्याआधी काही वर्षे त्याने रंगविलेले ‘संत मत्तयला पाचारण’ आजही रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेसी या चर्चमध्ये आहे, आणि त्यापुढे भाविक नतमस्तक होतात. त्या चित्रातील प्रकाश पाहून कोणी सांगू शकेल का, की हा हात उद्या तलवार चालविणार आहे? खुनानंतर दोन वर्षांनी त्याने माल्टा येथे ‘संत योहानाचा शिरच्छेद’ रंगविले. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र. आणि ती सही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रक्तात आहे. त्यात पश्चात्ताप वाचण्याचा मोह आम्हांलाही होतो. पण तो पश्चात्ताप आपण वाचतो, कारण गुन्हा आपल्याला आधीच न्यायालयाच्या कागदांतून ठाऊक आहे. चित्राने तो आपल्याला सांगितलेला नाही. सिकर्टच्या बाबतीत गुन्ह्याचा कागदच नाही, आणि चित्रांकडून तो मागितला जात आहे.

या सर्व ग्रंथांवरील आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. खुन्याचे नाव शोधण्याच्या नादात त्या पाच स्त्रिया कोण होत्या, हे कोणी विचारलेच नाही. हॅली रुबनहोल्ड यांच्या २०१९ सालच्या ‘द फाइव्ह’ या ग्रंथाने ती उणीव भरून काढली. पाचही जणी बाजारबसव्या होत्या असे सरसकट मानले जाते. पाचांपैकी तिघींबाबत तसा पुरावाच नाही, असे त्या दाखवितात. आणि त्यांच्या अखेरच्या रात्रींकडे पाहिले, की मन सुन्न होते. निकोल्स आणि चॅपमन यांच्याजवळ निवाऱ्याच्या पलंगाचे चार पेन्स नव्हते, म्हणून त्यांना रात्री रस्त्यावर यावे लागले. एडोज आणि तिचा जोडीदार केंटमधील मळ्यांत मजुरी करून रिकाम्या हाताने परतले होते. त्यांनी बुटांचा जोड गहाण टाकला होता. मेरी केलीकडे एकोणतीस शिलिंग भाडे थकले होते. ९ नोव्हेंबरच्या सकाळी तिचे दार वाजविणारा माणूस भाडे मागायला आला होता. त्यानेच तिचे प्रेत पाहिले.

‘भाड्याचे काय करायचे?’ सिकर्टच्या चित्राचे ते दुसरे नाव येथे नव्याने ऐकू येते. चित्रात सुरी शोधणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. पण ज्या विवंचनेने या स्त्रियांना अंधारात ढकलले, ती विवंचना त्या चित्रात आहे. व्हाइटचॅपलशी सिकर्टचे खरे नाते असलेच तर ते हे. दरिद्री खोलीतील माणसांकडे त्याने रोखून पाहिले, नजर वळविली नाही. त्या पाहण्यात करुणा किती आणि कुतूहल किती, याविषयी समीक्षकांत मतभेद राहतील. २०२२ साली टेट ब्रिटनमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि नंतर ते पॅरिसला गेले. तेथे या प्रश्नाची चर्चा व्हावी, हे योग्यच. तो कलेचा प्रश्न आहे आणि त्याला चित्रांतून उत्तर मिळू शकते. खुनी कोण, या प्रश्नाला ते मिळू शकत नाही.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे, आणि पुराव्यावाचून शेजाऱ्याच्या अपराधावर विश्वास ठेवणे हाही तिचा भंग आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. मृत माणूसही आपला शेजारी आहे. तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही, म्हणून तर त्याची अब्रू अधिक जपावी लागते. ग्रंथ लिहिणारे दूर देशीचे असतील, परंतु ‘आगीशिवाय धूर निघत नाही’ असे म्हणत तो आरोप पुढे सरकविणारे ओठ आपलेही असू शकतात.

मेरी केलीचे दफन १९ नोव्हेंबर १८८८ रोजी लेटनस्टोन येथील सेंट पॅट्रिक कॅथोलिक दफनभूमीत झाले. तिला पुरायला कोणी नातलग पुढे आला नाही. शोअरडिच येथील अँग्लिकन चर्चच्या एका सेवकाने तो खर्च स्वतः उचलला. या प्रकरणावर लिहिल्या गेलेल्या हजारो पानांपेक्षा त्या एका कृतीत अधिक सत्य आहे, असे आम्हांस वाटते. तिच्या मारेकऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तिचे ठाऊक आहे. नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या आत्म्यांसाठी आपण प्रार्थना करतो, तेव्हा मेरी ॲन, ॲनी, एलिझाबेथ, कॅथरिन आणि मेरी जेन ही पाच नावे घ्यावीत. एमिली डिमॉकचे घ्यावे. आणि पुराव्यावाचून ज्याला दोषी ठरविले गेले, त्या चित्रकाराचेही घ्यावे.